लंडनला गेलेली भरली भांडी

अबुधाबीला आले तेव्हा माझ्या पासपोर्टवर एक शिक्का बसला. त्यात व्यवसायाच्या जागी लिहिलं होतं : हाउसवाइफ. चारुदत्त म्हणतो, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या सगळ्याच बायकांना तो शिक्का मारतात, त्यात इतकं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? त्याच्या शिक्क्यात इंजिनिअर लिहिलंय, त्याला लागायचं काही कारण नाही.

पुण्यात मी इतिहासात पीएच.डी. करत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला लंडनमध्ये भरलेल्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी आपल्या मुंबई इलाख्यातून वस्तू कशा गोळा झाल्या, हा माझा विषय. इथे मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तो सांगितला की लोक आधी 'अरे वा' म्हणायचे आणि मग हातातल्या बटाटेवड्याकडे वळायचे. एकाने विचारलं, "म्हणजे दुबईच्या शॉपिंग फेस्टिव्हलसारखं का?" मला इतका राग आला की त्या माणसाशी मी वर्षभर धड बोलले नाही. आता वाटतं, तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. प्रत्येक देशाचा एक मांडव, मांडवात त्या देशाच्या वस्तू आणि बाहेर तिकीट काढून बघणाऱ्यांची रांग. फरक एवढाच, की तेव्हा आपला मांडव आपण घातलेला नव्हता. लंडनहून मुंबईला हुकूम आला, मुंबईच्या कमिटीने तो कलेक्टरांना धाडला, कलेक्टरांनी मामलेदारांना, मामलेदारांनी गावच्या पाटलांना. धान्याचे नमुने, लाकडाचे एका मापाचे तुकडे, लुगडी, नांगर, तांब्यापितळेची भांडी. काय पाठवायचं ते साहेबाने ठरवलं, त्यावर चिठ्ठी साहेबाने चिकटवली, आणि वस्तू देणाऱ्याच्या नावाच्या जागी कलेक्टरचं नाव लिहिलं.

पाच प्रकरणं मी झपाट्याने लिहिली. सहाव्याला अडले. ते होतं वस्तू देणाऱ्यांवर, आणि वस्तू देणाऱ्यांनी तर एक ओळ लिहून ठेवली नव्हती. मग मी लंडनमध्ये वस्तू मांडणाऱ्या साहेबाच्या छापील अहवालावरच भागवलं. त्यात त्याने आपल्याकडच्या भांड्यांबद्दल एक तक्रार केली होती. 'मुंबई इलाख्यातून आलेल्या भांड्यांत खाद्यपदार्थ भरलेले आढळले. त्यांना मुंग्या व कीड लागली होती. पाठवणाऱ्यांना भांडे आणि बारदान यांतला फरक कळत नाही.' मी हे जसंच्या तसं उतरवलं आणि खाली लिहिलं, की यावरून स्थानिक लोकांना माल बांधण्याचा अनुभव नव्हता असं दिसतं. माझ्या गाइड उर्मिलाबाईंनी समासात लाल शाईने लिहिलं, 'हे साहेब म्हणतो. तू काय म्हणतेस?'

मी काय म्हणते ते मला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात चारुदत्तला इथली नोकरी लागली, आमची लेक इरा चार वर्षांची होती, आम्ही सामान बांधलं. निघायच्या आदल्या दिवशी बाई घरी आल्या. हातात कडीचा पितळी डबा, त्यात बेसनाचे लाडू. म्हणाल्या, "प्रवासात खा. डबा परत कर हो, माझ्या आईचा आहे."

लाडू मुंबई विमानतळावरच संपले. डबा मात्र सात वर्षं नजदा स्ट्रीटवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर बसून राहिला. दर दिवाळीला मी तो चिंच-मीठ लावून लख्ख घासायचे आणि परत फळीवर ठेवायचे. दर जुलैत पुण्याला जायचो, तेव्हा चारुदत्त विचारायचा, "बाईंचा डबा घ्यायचा ना?" मी म्हणायचे, "रिकामा कसा नेऊ?"

"मग चिवडा घाल."

"बाईंच्या डब्यात चिवडा?"

तो हात जोडायचा आणि वजनकाट्यावर बॅग ठेवायचा. बाईंच्या डब्यात घालून न्यायची एकच वस्तू होती, आणि ती माझ्याकडे तयार नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

दोन हजार सालच्या जानेवारीत बाईंचा फोन आला. त्या इकडचं तिकडचं बोलत नाहीत. म्हणाल्या, "छाया, एप्रिलअखेर मी निवृत्त होतेय. माझ्यामागे तुझा विषय विभागात कोणी घेणार नाही, मी विचारून पाहिलं. एप्रिलच्या आत सहावं प्रकरण माझ्या हातात पडलं तर पुढचं मी बघते. नाहीतर नोंदणी रद्द होईल. आणि हे बघ, मला दिवाळीच्या शुभेच्छांचं कार्ड नको, प्रकरण हवं."

फोन ठेवला आणि मी पोळ्या करायला घेतल्या. त्या दिवशीच्या सगळ्या पोळ्या करपल्या. संध्याकाळी ट्रंकेतून टंकलिखित काढून बसले. पुन्हा तोच साहेब, त्याच मुंग्या आणि बाईंची तीच लाल शाई. सात वर्षांनीही मला काही म्हणता येत नव्हतं, आणि याचं मला रडू आलं.

त्याच आठवड्यात इराच्या शाळेतून बोलावणं आलं. शाळेने नव्या शतकानिमित्त प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं, सरलेल्या काळाबद्दल, प्रत्येक इयत्तेला एक विषय. सहावीच्या इतिहासाच्या टीचर बाळंतपणाला केरळात गेलेल्या. प्रिन्सिपल ममता मॅडम लखनौच्या, त्यांनी कुठूनतरी माझं शिक्षण ऐकलेलं. "छायाजी, आप तो एक्झिबिशन की एक्सपर्ट हैं!" त्या म्हणाल्या. मी म्हणाले, मी प्रदर्शनं भरवत नाही, भरलेल्या प्रदर्शनांचा अभ्यास करते. "एक ही बात है," मॅडम म्हणाल्या आणि माझ्या हातात सहावीची यादी दिली.

खरं सांगायचं तर मी खूश झाले. मुलांना मी लंडनचं ते प्रदर्शनच द्यायचं ठरवलं. वर्गात मुंबई इलाख्याचा मांडव उभा करायचा. लाल कापडाचं लांब टेबल, त्यावर धान्य, कापड आणि जुनी तांब्यापितळेची भांडी, पुढे इंग्रजी चिठ्ठ्या. कोणी मुलगा कलेक्टर, कोणी मामलेदार. आणि इरा साहेब, कारण तिचा आवाज मोठा आहे आणि तिला पाठांतर पटकन होतं. भांड्यांबद्दलचं ते तक्रारीचं वाक्य मी मूळ इंग्रजीत तिला पाठ करायला दिलं. ती आठवडाभर घरात बापाची गोल्फची टोपी घालून, पोट पुढे काढून ते वाक्य म्हणत हिंडत होती. चारुदत्तने जेवणात मीठ कमी आहे म्हटलं तरी ती तेच वाक्य त्याला ऐकवायची.

भांडी कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता. इथल्या प्रत्येक मराठी घरात माहेरचं नाहीतर सासरचं एक तरी पितळी भांडं असतं. वजनाची मर्यादा तीस किलो, तरी बायका ते साडीत गुंडाळून आणतात आणि मग इथे स्टीलमध्ये स्वयंपाक करतात. प्रिन्सिपल मॅडमनी मला सांगितलं, मी क्लास टीचरना, टीचरनी मुलांच्या डायरीत नोट लिहिली, डायरी आयांपर्यंत गेली. जुनी भांडी पाठवा, नाव चिकटवून, मंगळवारपर्यंत, शाळेत जागा नसल्याने मिसेस छाया यांच्या घरी. शिवाय मी आमच्या शेजारच्या हव्वाबींनाही सांगून ठेवलं. हव्वाबी चिपळूणच्या, नवरा युसुफभाईंचं मुसाफ्फाच्या कारखान्यांच्या भागात गॅरेज. त्यांची ओळख सगळ्या बिल्डिंगभर, आणि बिल्डिंगच्या बाहेरही.

मंगळवारी दुपारपासून बेल वाजायला लागली. पहिली आली एक परात, आणि परातीत डोंगरासारखा चिवडा. मला वाटलं, बाई भली आहे, मुलांसाठी खाऊ पाठवला. मग एक कळशी आली, तिच्यात गळ्यापर्यंत तांदूळ. एका डब्यात रव्याचे लाडू. लोटीत साखर. ठोक्याच्या पातेल्यात ओल्या नारळाच्या वड्या, वर प्लास्टिक बांधलेलं. गंगाळात गहू, आणि ते उचलायला वॉचमनला वर बोलवावं लागलं. पाच वाजेपर्यंत माझ्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, सोफ्यावर एक सांडलेली साखरेची रेघ होती, आणि बाल्कनीच्या दारातून मुंग्यांची ओळ शिस्तीत आत येत होती.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सगळं शाळेत न्यायचं, घासून पुसून मांडायचं, चिठ्ठ्या लावायच्या. आता आधी हे सगळं कशात काढून ठेवू? माझ्या घरात तेवढी भांडी कुठे होती? असती तर लोकांकडे मागितली असती कशाला?

तेवढ्यात हव्वाबी आल्या, कडेवर घ्यावा तसा एक तांब्याचा टोप घेऊन. झाकण उघडलं तर आत सांदणं, वाफ निघणारी.

"हव्वाबी, तुम्ही पण?" मी ओरडलेच. "अहो, मी भांडं मागितलं होतं. जेवण नव्हतं मागितलं!"

हव्वाबींनी टोप माझ्या टीव्हीवर ठेवला, कारण दुसरीकडे जागा नव्हती. "अवो छायाताय, रिकामा टोप कुनाच्या घरी जातो काय? माझ्या सासूनं पायलं तर मला टोपासकट भाईर काढील."

"प्रदर्शनासाठी हवंय हो! लोक भांडं बघणार."

"बघूदेत की. बघून झाल्यावर खातील." मग त्यांनी पदराआडून एक लहानसा तांब्या काढला, हातरुमालाने तोंड बांधलेला. "ह्यो दगडूचा. युसुफभाईंच्या ग्यारेजात हाय ना, संगमेश्वरचा. आठ जनं एका खोलीत ऱ्हातात कामगारांच्या कॅम्पात. मी युसुफभाईंना म्हनलं व्हतं कुनाकडं पितळ असंल तर बगा, तर त्यानं ह्यो दिला. आयशीनं दिलेला."

मी रुमाल सोडला. तांब्यात खजूर होते. काठोकाठ भरलेले, एकावर एक नीट बसवलेले.

"याला कोणी सांगितलं भरून द्यायला?"

"कोन सांगनार?" हव्वाबींना माझा प्रश्नच कळला नाही. त्यांनी सोफ्यावरची साखर झटकली आणि बसल्या.

पण मी तेव्हा रागाच्या भरात होते, माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी इराला हाक मारली. "कॉम्प्युटर लाव. नोटीस टाइप कर, उद्या सकाळी सगळ्यांच्या डायरीत गेली पाहिजे." ती टोपी घालूनच आली. मी येरझाऱ्या घालत इंग्रजीत सांगायला लागले. प्रिय पालक, आपण पाठवलेल्या भांड्यांत खाद्यपदार्थ भरलेले आढळले. त्यांना मुंग्या लागल्या आहेत. कृपया लक्षात घ्यावे, की...

इराचे हात थांबले. "ममा, दॅट्स माय डायलॉग."

"काय?"

"यू आर सेइंग माय डायलॉग. साहिब्ज लाइन." आणि तिने पोट पुढे काढून, टोपी सावरून, ते वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. शब्दही तेच. मी तेच वाक्य त्याच रागाने माझ्या हॉलमध्ये उभी राहून म्हणत होते, फक्त मुंबई इलाखा वगळून.

मी खाली बसले, गव्हाच्या गंगाळाशेजारी. चारुदत्त ऑफिसातून येत होता, दारातच थांबून म्हणाला, "काय झालं? कोणी पडलं का?"

"चारू," मी म्हणाले, "ते पॅकिंग नव्हतं."

त्याला काही समजलं नाही. मी त्याला बूट काढू दिले नाहीत, तिथेच उभं करून सांगत सुटले. साहेबाने स्वतःच लिहिलंय, भांडी बाहेरून गवतात आणि गोणपाटात नीट बांधलेली होती. मग आत धान्य भरायची गरज काय? आणि धान्य समजू. लोटीत गुळाचे चार खडे घालून कोणी लोटी बांधतं का? तेही साहेबाने लिहिलंय, हसण्यासारखं म्हणून. हे सगळं माझ्या समोर होतं, सात वर्षं, अहवालाच्या एकाच पानावर! मामलेदाराचा माणूस दारात येऊन म्हणाला, तुमचं भांडं विलायतेला जाणार आहे. घरातल्या बाईने ते घासलं, पुसलं. आणि मग ते परक्या घरी जाणार म्हणून त्यात मूठभर काहीतरी घातलं, कारण भांडं रिकामं जात नाही. तिला कोणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? तिकडे साहेबाने ते उपडं करून फेकून दिलं, भांडं घासलं आणि मांडलं. आणि मी? मी इतिहासाची विद्यार्थिनी, माझ्या फळीवर बाईंचा डबा सात वर्षं पडून आहे, रिकामा नेता येत नाही म्हणून! आणि मी लिहिते, लोकांना माल बांधण्याचा अनुभव नव्हता!

"अगं, पण हे तर आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं," चारुदत्त म्हणाला.

"तेच तर म्हणतेय मी!"

हव्वाबींनी माझ्यासमोर सांदणांची बशी धरली. "आदी खावा. वायच थंड व्हा." मी खाल्लं. रडत रडत खाल्लं आणि मला त्याची लाज वाटली नाही. ती बाई कोण होती, कुठल्या गावची, हे मला कधीच कळणार नव्हतं. पण तिने काय केलं आणि का केलं हे मला कळलं होतं, आणि मी त्या दिवशी इतकी आनंदात होते की नोटीस पाठवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी भांडी होती तशी, भरलेलीच शाळेत नेली. युसुफभाईंची व्हॅन आली, दगडू बरोबर आला आणि गंगाळ त्याने एकट्याने वर चढवलं. ममता मॅडमनी टेबल बघितलं आणि कपाळाला हात लावला. "छायाजी, ये क्या है? चींटियाँ आ जाएँगी!"

मुंग्यांचा इलाज माझ्या आजीपासून आमच्या घरात आहे. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. मॅडम म्हणाल्या, बरं, पण लेबल? प्रत्येक भांड्यापुढे मुलांनी चिठ्ठी लावली. वर साहेबाचं वाक्य, इंग्रजीत. त्याखाली : भांडं कोणी दिलं आणि त्यात काय घालून दिलं. दगडूच्या तांब्यापुढे इराने मोठ्या अक्षरांत त्याचं पूर्ण नाव लिहिलं, गावासकट. दगडू चिठ्ठीकडे बघून मला म्हणाला, "वैनी, तांब्या कधी मिळंल? पानी पितो मी त्याच्यातनं." मी म्हटलं शुक्रवारी. तो बरं म्हणाला आणि व्हॅनकडे गेला.

गुरुवारी सुट्टी, त्यामुळे सगळ्या शाळेचे पालक आले. इराने साहेबाचं वाक्य असं काही म्हटलं की पहिल्या रांगेतला एक बंगाली गृहस्थ म्हणाला, शेम, शेम. मग मुलांनी त्या वाक्याला उत्तर दिलं. म्हणजे भाषण नाही. त्यांनी भांडी उचलली आणि लोकांपुढे धरली, घ्या. लोक आधी बिचकले, प्रदर्शनातल्या वस्तूला हात कसा लावायचा म्हणून. मग हव्वाबींनी स्वतःच्या टोपातलं, त्या सकाळी ताजं करून भरलेलं पहिलं सांदण उचलून शेजारच्या सिंधी बाईच्या हातात दिलं, आणि त्यानंतर काही आवरलं नाही. तास-दीड तासात टेबलावर फक्त तांदूळ आणि गहू उरले. ममता मॅडमनी दोन नारळाच्या वड्या पर्समध्ये टाकलेल्या मी पाहिल्या. पुढच्या वर्षापासून सहावी-सातवीचा इतिहास मी घेईन का, असं त्यांनी तिथेच विचारलं, आणि शिक्क्याचं काय करायचं ते व्हिसाची कामं करणारा शाळेचा पीआरओ बघेल म्हणाल्या. मी हो म्हटलं. पण खरं सांगते, माझं निम्मं लक्ष घरच्या ट्रंकेकडे होतं.

संध्याकाळी चारुदत्त व्हॅनमध्ये भांडी भरायला लागला आणि मी त्याला थांबवलं. "अशी कशी नेतोस?"

त्याने रिकाम्या कळशीत बघितलं, मग माझ्याकडे. "यल्ला, चला," तो म्हणाला आणि कोऑपरेटिव्हच्या दुकानात जाऊन साखरेचं पोतं घेऊन आला. "सत्तर दिरहम. म्हणजे आठशे रुपये झाले, छाया. साहेब परवडला." पण प्रत्येक भांड्यात साखर त्यानेच मापून घातली. दगडूच्या तांब्यात मी बेदाणे आणि काजू घातले.

मग मी लिहायला बसले. इराची शाळा आणि चारुदत्तचं ऑफिस सुरू झालं की बसायचे, ते पोळ्यांची वेळ होईपर्यंत. हव्वाबी दुपारी डोकावून विचारायच्या, "झाला काय तुमचा अध्याय?" मी त्यांच्याकडून, आणि मंडळातल्या बायकांकडून, कोणत्या भांड्यात काय घालून देतात, लेकीला, शेजारणीला, व्याह्यांना, हे सगळं विचारून घेतलं. जिथे खात्री नव्हती तिथे 'बहुधा' लिहिलं. प्रकरणात 'बहुधा' पुष्कळ झाले. पण साहेबाचं वाक्य आता एकटं राहिलं नाही, त्याच्याखाली मी काय म्हणते ते मी नऊ पानं लिहिलं.

मार्चच्या अखेरीला मंडळातला अनिल पुण्याला निघाला. आखातात कोणी मायदेशी निघालं की त्याच्या दारात सगळ्यांची पार्सलं जमतात, तशी त्याच्याकडेही जमली होती. मी पितळी डबा घेऊन गेले.

"वहिनी, कागद असतील तर कागद द्या," तो काकुळतीला आला. "डबा कशाला? आईच्या टायगर बामच्या बाटल्याच आठ डझन आहेत माझ्याकडे. कुरियर आहे, ईमेल आहे."

"डबाच न्यायचा," मी म्हणाले.

"यात आहे काय?"

"प्रकरण."

छापलेली पानं गुंडाळी करून डब्यात बरोबर बसली होती, मध्ये फ्लॉपी. अनिलने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्या चेहऱ्याकडे, आणि बामच्या चार डझन बाटल्या बाहेर काढल्या.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बाईंचा फोन नाही. मीच फोन करायला घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. एप्रिलचा दुसरा आठवडा उलटला. शक्यता दोनच होत्या. बाईंना पटलं असेल किंवा नसेल, आणि न पटलेलं सांगायला बाई कधी कचरत नाहीत. मग गप्प का? चारुदत्त म्हणायचा, नो न्यूज इज गुड न्यूज. मी त्याला म्हणायचे, तू गप्प बस.

एका शुक्रवारी दुपारी बेल वाजली. अनिल परत आला होता, उन्हाने लाल झालेला, आणि त्याच्या हातात बाईंचा डबा होता.

डबा परत आला, म्हणजे बाईंनी प्रकरण परत पाठवलं. त्यांचाच डबा, त्यांच्या आईचा, तो त्या कशाला परत पाठवतील? अनिलने तो माझ्या हातात दिला आणि डबा जड होता. "वहिनी, तुमच्या बाई भारी आहेत हो," तो म्हणायला लागला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. जमिनीवर बसले, कडी सरकवली, झाकण घट्ट बसलेलं, ते इराने ओढून काढलं.

आत लाडू होते. बेसनाचे, एकावर एक नीट बसवलेले. मी बोटांनी बाजूला सारून खाली बघितलं. खालीही लाडू. पान नाही, चिठ्ठी नाही, लाल शाई नाही.

"इज इट अ यस?" इराने विचारलं.

"प्रकरण कुठे आहे?" मी अनिलला विचारलं.

"ते त्यांनी ठेवून घेतलं. मी पुण्यात होतो तोवर दोनदा वाचलं म्हणाल्या. तुम्हाला सांगायला सांगितलंय..." अनिल आठवायला लागला, आणि मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. "हां. विद्यापीठात त्यांनी अर्ज केला होता, निवृत्तीनंतरही तुमची गाइड राहायचा. तो मंजूर झाला, परवाच. म्हणून फोन नाही केला, मंजुरी हातात येऊ दे म्हणाल्या. आणि म्हणाल्या, तिचं समारोपाचं प्रकरणच तेवढं राहिलंय ना? डबा रिकामा झाला की पाठवायला सांग."

मी हसायला लागले, आणि तेवढ्यात रडायलाही. चारुदत्त अनिलला पाणी देत होता, त्याने एक लाडू उचलला आणि मी ओरडेन या भीतीने अर्धाच मोडून घेतला.

"अर्धा नको, अख्खा घे," मी म्हणाले. "अनिल, तू दोन घे. इरा, पळ, हव्वाबींना बोलाव, त्यांना म्हणावं मुलांनाही आणा. आणि उद्या युसुफभाईंबरोबर दगडूसाठी पाठवायचेत."

"अगं, इतके लाडू, पुरवून पुरवून खाऊ की," चारुदत्त म्हणाला. "पुण्याचे आहेत."

"अजिबात नाही," मी म्हणाले. "पटापट संपवा सगळे. मला डबा रिकामा हवाय."